कोणतं औषध?

लंकाबाईच्या हातचा चहा मी अकरा वर्षं पितेय. आमच्या नगरच्या दवाखान्यात अपघात विभागात ती मावशी, मी सिस्टर. चहा गोडमिट्ट, पण पहिल्या घोटाला डोकं ताळ्यावर येतं. ते यावंच लागतं, कारण बाजाराच्या दिवशी दुपारपासून आमच्याकडे दारूच्या पेशंटची रीघ लागते. खरं सांगते, मला त्यांचा संताप येतो. अंगावर ओकतात, आईबहिणीवरून शिव्या देतात, सलाईन उपटून टाकतात. 'मरेना का एकदाचा!' असं मी कितीदा मनात म्हटलंय, देव जाणे.

लंकाबाईचं उलटं. ती प्रत्येकाला 'पाव्हणं' म्हणते. तोंड पुसते, शुद्धीवर आला की हाताला धरून बसवते. ज्याचे हात थरथरतात त्याला चहा अर्धाच कप देते, म्हणजे सांडायला नको आणि चारचौघांत लाजायला नको. बाई मूळची खर्ड्याकडची. तरणेपणी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. नवरा भीमा दारूत गेला, मग ही इथं लागली. मला एवढंच ठाऊक होतं.

तिचा एक प्रश्न ठरलेला. कुणी म्हणालं, 'औषध पोटात गेलं,' की ही बादली खाली ठेवून विचारणार, "कोणचं औषध? फवारायचं का सुटायचं?" आमच्याकडे तापाची गोळी औषध, कपाशीवर मारायचं विषही औषध. आणि बायका नवऱ्याच्या नकळत कालवणात घालतात ती दारू सोडवायची पुडी, तीही औषधच. भिंतीभिंतीवर तिची जाहिरात रंगवलेली असते. ती पोटात असताना वरून दारू प्याली की माणूस लालबुंद होतो, ओकतो, काळीज धडधडायला लागतं, कधी जागेवर कोसळतो. सासूसमोर कुणी ते कबूल करत नाही, म्हणून लंकाबाई पेशंटच्या बायकोला लांब, नळाजवळ नेऊन विचारायची. आम्ही हसायचो. म्हणायचो, मावशीची चौकशी सुरू झाली.

मे महिन्यात कर्जतकडून टेम्पोत घालून आदिनाथला आणला. तिशीचा असेल, तोंडाला दारूचा भपकारा. मागे त्याची आई रतनबाई आणि बायको सुकन्या. रतनबाई ऊर बडवत होती. "हिनं औषध घातलं माज्या लेकराला! जेवनात औषध घातलं!"

"विष," डॉक्टर म्हणाले आणि मला विषावरचं इंजेक्शन भरायला सांगितलं. मी भरलं. पण त्याची नाडी पळत होती, बीपी लागेना. डोळ्यांच्या बाहुल्याही विषाने होतात तशा बारीक नव्हत्या. नवीन डॉक्टर, सुई हातात घेऊन घुटमळले. हे इंजेक्शन चुकीचं असलं तर पळतं काळीज आणखी पळणार, आणि खरंच विष असलं तर थांबून चालणार नाही. त्यांनी सुकन्याला विचारलं, "कोणतं औषध घातलं?"

ती दगडासारखी उभी. सासूकडे बघितलं आणि म्हणाली, "मला म्हाईत न्हाई."

"अगं बोल ना! तोंड शिवलंय का तुझं?" मी ओरडले. ती आणखीच मिटली.

नळाजवळ न्यायला वेळ नव्हता. लंकाबाई तिथंच सगळ्यांसमोर तिच्या पुढ्यात उभी राहिली.

"पोरी, माज्याकडं बघ. म्या बी घातलं हुतं, भीमाच्या कालवनात. त्याची दारू सुटावी म्हनून. तिकडच्या दवाखान्यात डाक्टरनं हेच इचारलं. सासू दारात हुती. म्या म्हनलं, म्हाईत न्हाई. त्यांनी इषावरची सुई दिली. तासाभरात गेला. एकोनीस वर्सं झाली. लोक म्हंतात दारूनं गेला. दारूनं न्हाई गं, माज्या गप बसन्यानं गेला."

सुकन्याने पदराची गाठ सोडली. आतून चुरगळलेली रिकामी पुडी निघाली.

"सुटायचं," ती म्हणाली.

डॉक्टरांनी सुई ट्रेमध्ये टाकली. सलाईन, ऑक्सिजन, धावपळ. संध्याकाळी नाडी ताळ्यावर आली. आदिनाथ वाचला. दुसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरायला लागले, तेव्हा लंकाबाई अर्धा कप चहा घेऊन गेली. रतनबाईने कप दुरूनच परत पाठवला. "हिच्या हातचं नगं." सुकन्याला तर तिने खाटेजवळही येऊ दिलं नाही. बिचारी जिन्यात बसून होती.

दवाखान्यात गोष्ट पसरायला कितीसा वेळ लागतो! ज्यांची घाण तिने उपसली तेच लोक तिच्या पाठीमागे 'नवरा मारलेली' म्हणायला लागले. मी एकदोघांना झापलंसुद्धा. मोठी शहाणी मी!

त्याच दुपारी तिने माझा चहा आणला. मी कप हातात घेतला आणि, कसं सांगू, प्यायच्या आधी आत डोकावून बघितलं. क्षणभरच. जळो ते बघणं. तिने ते पाहिलं.

"साखरच हाय, सिस्टर," ती म्हणाली.

मी तो चहा तसाच, जीभ पोळत, एका दमात प्याले. तिने कप उचलला, धुतला, जागेवर ठेवला. तेव्हापासून ती चहा कपात भरून आणत नाही. किटली टेबलावर ठेवते, शेजारी रिकामा कप ठेवते आणि म्हणते, "तुमचं तुमी वतून घ्या."