नवरीच्या तोंडावरचे लाइट

ये पोरी, अशी जवळ सरक. दूरच्या पाहुणीसारखी कायले ऐकून राह्यली? फोन केला की "हाव मावशी, येतो मावशी" म्हणते अन् येत नाही. तुह्या लग्नाचा अल्बम आमच्या स्टुडिओत फळीवर पडून आहे. जावईबापू एकदा न्यायले आले होते, तं तूच त्यायले फोनवर म्हणाली, "राहू द्या, मंग नेऊ." स्वतःच्या लग्नाचा अल्बम कोणी असा टाकून ठेवते का? पण तू काहून ठेवला ते मले समजते. म्हणून आज मीच तुह्या घरी आली, सगळं सांगते, मधात बोलू नोको.

आमच्या घरात पहिला कॅमेरा तुह्या मावसानं आणला. पण हळदीच्या खोलीत बाया पुरुषाले येऊ देत नव्हत्या. नवरी पाटावर बसलेली, अंगभर हळद, लुगडं ओलं, तिथं माणूस कसा जाईन? म्हणून मावसा बाहेर अन् कॅमेरा घेऊन आत मी. मले कोणी शिकवलं नाही. रोल वाया गेले तेव्हा कळलं, की फ्लॅश सरळ तोंडावर मारला तं हळद दिसत नाही, नुसता पांढरा डाग येते. मंग मी फ्लॅश चुन्याच्या भिंतीकडे फिरवायची, नवरीचा पाट दाराजवळ सरकवायची, अन् दुसऱ्या अंगानं एखाद्या बाईले पांढरं धोतर धरून उभी करायची, म्हणजे दारातला उजेड धोतरावर पडून नवरीच्या गालावर वापस येते. बाया हसत. "फोटो काढून राह्यली का धोतर वाळू घालून राह्यली व?" म्हणत. पण त्या फोटोत सावळी पोट्टी सावळीच दिसे, अन् अशी दिसे की घरच्यायनं तो फोटो समोरच्या भिंतीवर लावावा. तुह्या मायचा हळदीतला फोटो मीच काढला. अजून तुह्या माहेरी लावलेला आहे तो.

आता धंदा माह्या पोराकडे, म्हणजे तुह्या मावसभावाकडे. त्याले नवीन सामान घ्यायचं होतं. अकोल्याच्या दुकानात तो मले नेत नव्हता, मीच गाडीत जाऊन बसली. कॅमेऱ्याबद्दल मी काही म्हणत नाही. कॅमेरा त्यानं झकास निवडला. अंधाऱ्या मांडवातही नवरीच्या पापण्या दिसतात त्यात. मी म्हटलं, "एवढा चांगला डोळा घेतला, तं आता उजेड कमी लागन." तं दुकानदारानं काढले दोन मोठे पांढरे लाइट, दाराच्या फळीएवढे, अन् लावून दाखवले प्लास्टिकच्या पुतळीवर. पुतळी गोरीपान, डोक्यावर ओढणी.

"पाहा, चेहरा कसा खुलला," म्हणे.

मी म्हटलं, "भाऊ, आमच्याकडे मांडवात प्लास्टिकची नवरी बसत नाही. माह्यावर लावून दाखवा."

लावला. पडद्यावर माह्यं कपाळ अन् नाक पांढरं फट, अन् गाल राखेसारखे. दुकानदार हसला. "आजी, आता तुमचं वय झालं, लाइट काय करन त्याले?"

माह्या सावळ्या रंगाचं नाव घ्यायची लाज वाटली म्हणून त्यानं वयाचं घेतलं. माह्यं पोरगंही त्याच्यासंगं हसलं. ते हसणं मी विसरली नाही, विसरणारही नाही.

"हे नोको घेऊ," मी पोराले म्हटलं. "छत्रीचा लाइट घे, नाहीतं समोर कापड लावलेला घे. उजेड गाळून आला पाहिजे."

"माय, लोकायले हेच पाहिजे. नवरी चमकली नाही तं पुढचं लग्न भेटत नाही."

"लोकायले म्हणजे कोणाले? नवरीले विचारलं का कधी?"

"नवरीले कोण विचारते?"

पाह्य, कसा बोलला. अन् खोटं बोलला नाही, याचाच मले जास्त राग आहे. लाइट घेऊनच आला तो.

त्या लाइटचं पहिलं लग्न तुह्यं. इंझोरीत, भर उन्हाळ्यात, दुपारचं. चारी बाजूनं लाल कनाती. लाल कपड्यातून आलेला उजेड तोंडावर लालच पडते, म्हणून मांडववाल्याले सांगून मी एक कनात वर बांधायले लावली होती. पोरानं ती सोडली. वाऱ्यानं लाइटचे स्टँड पडतात म्हणे. अन् दोन्ही लाइट तुह्या तोंडावर. समोर अंतरपाट, तू डोळे मिचकावून राह्यली, गालावरून पाणी. बाया म्हणत, "पोट्टी माहेरासाठी रडून राह्यली." मले माहीत होतं ते पाणी कायचं आहे. मी उठली, पोराजवळ जाऊन म्हटलं, "एक तरी बंद कर." तं मागून तुह्या मायनं माहा हात धरला. सख्खी लहान बहीण माह्यी.

"बाई, राहू द्या न. पोरगी थोडी उजळ येईन. तिचे सासरचे पाहतीन फोटो."

सासरच्यायनं तुले दिवसाढवळ्या अंगणात पाहून पसंत केलं होतं. मंग फोटोत कोणाले फसवायचं होतं तिले? मांडवात तमाशा नोको म्हणून मी बसली.

अल्बम आला. चेहरा पिठासारखा, अन् त्याच फोटोत हार धरलेले हात सावळे, हिरव्या बांगड्यातले, मेंदी रंगलेले. तोंड एकीचं अन् हात दुसरीचे. तू माह्याजवळ बसून पानं उलटत होती. एका पानावर थांबली, हातावर बोट ठेवलं अन् म्हणाली, "मावशी, हात तं माह्येच आहेत." तोंडावर बोट नाही ठेवलं. मंग "छान आहे" म्हणाली अन् निघून गेली.

तू गेल्यावर मी पोराले कॉम्प्युटरसमोर बसवलं. "वरून गोरं केलेलं काढ, जशी आहे तशी दे तिले." त्यानं काढलं, तं खाली काहीच नव्हतं. त्या लाइटनं तुह्यं कपाळ, नाक, गाल सगळं खाऊन टाकलं होतं. फोटोत चेहरा आलाच नाही तं मागून कुठून आणायचा? पोरगं कॉम्प्युटर बंद करून उठलं. चुकलं असं काही म्हणालं नाही. परवा धनज गावच्या लग्नाले तेच लाइट गाडीत टाकून गेला. तिथंही कोणाची तरी सावळी पोट्टीच बसली असन पाटावर. त्या दिवसापासून मी त्याच्याशी कामापुरतंच बोलते.

अन् तुह्यावरही राग आहे माहा. डोळ्यात पाणी येईपर्यंत बसून राह्यली, पण "भाऊ, लाइट बाजूले कर" एवढं तोंडातून निघालं नाही.

आता ऐक. लग्न काही वापस लागत नाही, पण लग्नातली पिवळी साडी तं तुह्याजवळ आहे. ती नेस, बांगड्या भर अन् सकाळीच ये. पावडर लावू नोको. आमच्या ओसरीत सकाळी चांगला उजेड येते. कॅमेरा पोराचाच घेईन, लाइट गाडीतच राहतीन. तुह्या मायलेही संगं आण. मावसाचं पांढरं धोतर धुवून ठेवलं आहे, ते तिलेच धरून उभी करते. पण उशीर नोको करू. शेजारचे वरचा मजला चढवून राह्यले, त्यायची भिंत उठली की ओसरीत अंधार होईन. येत्या रविवारीच येऊन जाय, पोरी.