तारीख पडणारा कॅमेरा

"तारखेबिगर फोटू म्हंजी नुस्त्या गप्पा," असं म्हणत मामा काळी पाटी छातीशी धरून कपाशीच्या ओळीत उभे राहायचे. पाटीवर खडूने त्या दिवसाची तारीख. आपण फोटोत येऊ नये म्हणून ते मान मागे टाकायचे, तरी पाटीच्या वर हनुवटी यायचीच. आमच्या कंपनीच्या संगणकात त्या हनुवटीचे शेकडो फोटो असतील. चेहरा एकातही नाही.

पिंगळीजवळ एका बियाणे कंपनीचं प्रयोगाचं शेत आहे. तिथे मी झाडांच्या वाढीच्या नोंदी ठेवतो आणि मामा माझ्या जोडीला होते. नात्याने ते कुणाचेच मामा नव्हते. असा एक सगळ्यांचा मामा तुमच्याही माहितीत असेलच.

त्यांना एकच मुलगी. लग्नाआधी ती दुपारची भाकरी घेऊन शेतावर यायची. मामा तिला डबा खाली ठेवू द्यायचे नाहीत. आधी एखाद्या झाडाकडे बोट. "सांग माय, कवाचं पेरलंय?" ती पानं बघून सांगायची आणि बहुतेक वेळा बरोबर असायची. मग मामा माझ्याकडे असं बघायचे, जणू पोरगी कलेक्टर झाली.

तिला जिंतूरकडच्या एका गावात दिली. जावई दिसायला देखणा, कपड्यांचा हौशी, बोलायला गोड. अशा गोड माणसांची मला आधीपासून भीती वाटते, पण मला कोण विचारतो?

पहिल्या दिवाळीला सासरच्यांनी मुलगी पाठवली नाही. तिचा फोन बिघडला म्हणे, आणि शेतात कामाचे दिवस. जावयाने मोबाईलवर फोटो मात्र पाठवला. खाली लिहिलं होतं, आजच काढला.

मामांनी तो माझ्यापुढे धरला. "काय दिसतंय साहेब?"

"पोरगी दिसते. हसतेय."

"मागची कपाशी बघा."

कपाशी घोट्याएवढी होती. दिवाळीला बोंडं फुटून वेचणी चालते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. फोटो पावसाळ्यातला होता.

मामा तिच्या सासरी जाऊन आले. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही जुनी रीत पाळून उंबऱ्याशीच उभे राहून आले. "सुखात हाय म्हणती," ते म्हणाले. "पण सासूकडं बघून म्हणती." मी म्हटलं, घेऊन या तिला. पण त्यांच्या भावकीत शहाण्यांची कमी नव्हती. वर्षाच्या आत लेक घरी आणली तर लोक तोंडात शेण घालतील, असं सगळ्यांनी समजावलं. लेक मेली तर लोक काय घालतील, हे कुणी सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात जावयाला वाण द्यायचं असतं, ते काय असावं हे जावयानेच कळवलं. चांदीची निरांजनं नको, कॅमेरा पाहिजे. मला संताप आला. मामा मात्र खुलले. मला घेऊन परभणीला निघाले.

दुकानदाराने गळ्यात अडकवायचा एक मोठा, वापरलेला कॅमेरा काढला. "काका, बजेटमधे एवढा रुबाब दुसऱ्या कशात न्हाई. जावई लय खूश होईल."

"फोटूवर तारीख पडती का?"

"ह्याच्यात न्हाई पडत. तारीख कशाला पाहिजे पण? आणि खरं सांगू का, मोबाईलच घ्या."

"मोबाईलचा फोटू कवाचाबी पाठवता येतो," मामा म्हणाले.

तीन दुकानं हिंडलो. शेवटी एका काचेच्या कपाटात मागे पडलेला छोटा, चपटा कॅमेरा मिळाला. मामांनी दुकानदाराकडून त्याच दिवसाची तारीख लावून घेतली आणि माझा फोटो काढला. माझ्या पोटावर कोपऱ्यात केशरी आकडे उमटले. ते बघून मामा असे हसले, की मलाही वाटलं, आता पोरीची खबर लागणार.

धोंड्याच्या जेवणाला जावई एकटाच आला. मामांनी त्याचे पाय धुतले, अनारशांसोबत कॅमेरा हातात दिला आणि म्हणाले, "सणासुदीला लेकीचा फोटू पाठवत जा."

"पाठवतो की मामा."

पाठवलेही. नागपंचमीला हिरव्या साडीत, पोळ्याला निळ्या, दसऱ्याला लाल. अंगणाच्या कडेला बसलेली, मागे हिरवळ, कोपऱ्यात केशरी तारीख. प्रत्येक वेळी मामा मोबाईल घेऊन शेतभर फिरले. "बघा, तारीख आजचीच हाय." आम्ही सगळे तारीख बघायचो आणि हो म्हणायचो.

दसऱ्यानंतर एका दुपारी मी तुरीची उंची घेत होतो. तूर डोक्यावर गेली होती. मामा पाटी धरून उभे होते, ते एकदम खाली बसले. मोबाईल काढून तिन्ही फोटो एकामागून एक बघू लागले. मग त्यांनी तो माझ्याकडे दिला.

"साहेब, तारखा वाढायल्यात, तूर वाढंना."

तिन्ही फोटोंत तिच्यामागे तूर होती. तिन्हींत गुडघ्याएवढीच.

आम्ही तसेच एसटीने निघालो. या वेळी मामा उंबऱ्याशी थांबले नाहीत. मुलगी गोठ्यालगतच्या खोलीत बाजेवर होती. पंचमीच्या आधी नवऱ्याने ओसरीवरून ढकललं होतं. पाय मोडला. दवाखान्यात नेलं तर चौकशी होईल, म्हणून घरीच बांधून ठेवला होता.

परभणीच्या डॉक्टरांनी पाय बघितला आणि म्हणाले, तेव्हाच आणलं असतं तर सरळ झाला असता.

मामा तिच्या उशाशी बसले होते. तीच त्यांची समजूत घालू लागली. "एकाच दुपारी तीन साड्या नेसवल्या, आबा. दर बारीला कॅमेऱ्यातली तारीख बदलायले. मला उचलून भिंतीपाशी बसवायले. मीच म्हणलं, तिकडं तुरीपाशी बसवा, फोटू चांगला येईल." मग म्हणाली, "म्हणलं, आबा तूर बघतेत."

मामांनी तोंडावर हात दाबून धरला. मला तिथे उभं राहवेना, मी बाहेर आलो.

पुढे दोन्ही घरच्या माणसांची बैठक झाली. जावयाच्या चुलत्याने दसऱ्याचा फोटो सगळ्यांपुढे धरला. "पोरगी हसत बसलीय बघा. तारीख हाय की त्याच्यावर. पाय नंतर मोडला असंल, तुमच्याकडं." चार शहाण्यांनी माना डोलावल्या. तक्रार दिली आहे, तिचं अजून काही झालेलं नाही. जावई त्याच कॅमेऱ्याने गावातल्या बारशांचे फोटो काढतो म्हणे.

मामा त्यानंतर कामावर आले नाहीत. एकदाच आले, घरी राहिलेली पाटी परत करायला. मी मुलीचं विचारलं. "कुबडी घेऊन चालती," म्हणाले. कपाशीचे फोटो काढायचे होते, म्हणून सवयीने मी म्हणून गेलो, "मामा, तेवढी आजची तारीख टाकून द्या."

त्यांनी खडू उचलला, पाटीकडे बघितलं आणि खडू माझ्या हातात ठेवला.

"तुमीच टाका, साहेब," म्हणाले आणि बांधाबांधाने निघून गेले.