फोटोवाल्या काकूंचा डूख

विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोर काकूंचा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ कसला, एक अरुंद खोली, पांढरा पडदा, दोन दिवे आणि वरखाली होणारं स्टूल. परदेशी शिकायला निघालेली सगळी पोरं व्हिसाच्या फोटोसाठी तिथंच यायची. काकू बोलक्या, हसऱ्या. हिला धड भांडताही येत नाही, अशी त्यांचे यजमान चारचौघांत चेष्टा करायचे.

त्यांची मुलगी त्याच विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकत होती. एका सत्रासाठी परदेशी जायला तिची निवड झाली. तिकडची फी आणि राहण्याचे पैसे आधीच भरायचे होते आणि एकदा भरले की परत मिळणार नव्हते. म्हणून, ऐनवेळी जाणं रद्द झालं तर भरपाई देणारा विमा काढायचं ठरलं. परदेश विभागाच्या व्हरांड्यात एक विमावाला टेबल टाकून बसायचा. जिभेवर साखर ठेवूनच बोलायचा. काकूंनी त्याला सरळ विचारलं, की यांच्या हृदयावर मागे उपचार झालेत, ते लिहायचं ना?

"काकू, प्रवासाला ताई चालल्यात, काका नाही," तो हसून म्हणाला. "घरच्यांची दुखणी लिहीत बसलो तर कागद पुरायचा नाही."

काकूही हसल्या. लिहिलं नाही.

मुलीची बॅग भरून झाली होती तेव्हा काका न्हाणीघराच्या दारात कोसळले. अशा वेळी कोण विमानात बसतंय? मुलगी बापाच्या उशाशी बसून राहिली, आणि काही दिवसांनी काका गेले. भरपाईसाठी अर्ज केला, तर कंपनीचं उत्तर आलं, वडिलांचा जुना आजार लपवलात, भरपाई मिळणार नाही.

काकू मुलीला घेऊन विमावाल्याकडे गेल्या. व्हरांड्यात पाच-दहा पोरं, त्यांचे आईबाप उभे होते. त्यानं चष्मा काढून पुसला.

"मी असं म्हणालो? काही लेखी आहे का तुमच्याकडे? दुःख मी समजू शकतो, पण म्हणून माणसानं खोटं बोलू नये."

मुलीनं आईचा दंड धरला आणि बाहेर आणलं. पैसे बुडाले, ते काकूंनी गिळलं. पोरीची संधी हुकली, तेही कसंबसं गिळलं. पण नवऱ्याला जाऊन महिना झाला नव्हता आणि या माणसानं आपल्याला लेकीदेखत खोटारडी ठरवलं, हे काही केल्या घशाखाली उतरेना. काकूंनी डूख धरला.

ओरडल्या नाहीत, कुणाला शिव्याशाप दिले नाहीत. फोटो काढताना पोरांना हनुवटी वर करून गप्प बसावं लागतं. तेवढ्यात काकू बोलून घेऊ लागल्या. मान सरळ ठेव बाळा. विमा कुणाकडून काढतोयस? व्हरांड्यातल्याकडून? मग आईबापांचं एकूण एक दुखणं त्याला सांग, आणि तो नको म्हणाला तर तेच त्याच्याकडून सहीनिशी लिहून घे. त्यानं आमचं काय केलं ते सांगते. पापणी हलवू नकोस.

पोरं टेबलापाशी जाऊन लिहून मागू लागली. तो टाळाटाळ करी, पोरं निघून जात. आपल्यासारखे फसलेले आणखी दोघे काकूंनी शोधून काढले. एक निवृत्त ड्रायव्हर, एक नर्सबाई. तिघं मिळून कुलसचिवांकडे गेले, आणि बोलवणं येईपर्यंत जातच राहिले. शेवटी टेबल उठलं.

त्या संध्याकाळी विमावाला स्टुडिओत आला. साखर विरघळली होती.

"माझ्या पोटावर पाय का देता? तुमचे गेलेले पैसे मी पदरचे भरतो. मिटवू या."

"पैसे राहू देत," काकू म्हणाल्या. "त्याच व्हरांड्यात, चार लोकांत, एवढंच सांगा की ही बाई खरं बोलत होती."

"तसं बोललो तर माझा परवाना जाईल."

"मग जा तुम्ही. मला दिवे मालवायचेत."

त्यानं गावाच्या दुसऱ्या टोकाला, एका कॉलेजापाशी नवीन टेबल टाकलं. काकूंना ते कळायला वेळ लागला नाही. सुट्टीच्या दिवशी त्या बस पकडून तिथं जाऊ लागल्या. समोरच्या चहाच्या टपरीवर बसायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्या पोरांना हाक मारायची.

मुलगी आता एका रोपवाटिकेत नोकरीला होती. एके सकाळी आई पायात चप्पल सरकवताना दिसली तशी ती म्हणाली, "आई, बस कर आता. मला त्या माणसाचा चेहराही आठवत नाही."

"तू विसरलीस ते बरंच झालं," काकू म्हणाल्या आणि पर्स उचलली.

टपरीवाल्यानं त्या दिवशी त्यांना सांगितलं, की विमावाला हल्ली खोदूनखोदून सगळी दुखणी विचारतो आणि स्वतःच्या हातानं लिहून घेतो. काकूंनी ऐकून घेतलं. पोरांचं भलं झालं, पण त्यांना स्वतःला काही गार वाटेना. रस्त्यापलीकडून त्यानं त्यांना पाहिलं आणि खुर्ची फिरवून पाठ केली. काकूंनी आणखी एक चहा मागवला आणि त्या पाठीकडे बघत सावकाश प्यायला.