फिल्टरच्या डब्यातला लसूण

हवेच्या अभ्यासात आमच्या साडूभाऊंचा हात धरील असा माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि त्यांच्या गाडीइतकी लोकांनी ढकललेली गाडीही सापडायची नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे कळंबातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. कळत नव्हतं ते फक्त साडूभाऊंना. आता गाडी नीट चालते. ढकलायला कुणी लागत नाही. आणि खरं सांगतो, तिचा तो गुळगुळीत आवाज कानावर आला की मला ते ढकलणंच बरं वाटतं.

गाडी जुनी, पेट्रोलची, कार्बोरेटरवाली. जुन्या बाजारातून घेतली तेव्हा निमूट चालत होती. पण निमूटपणा साडूभाऊंच्या प्रकृतीला मानवत नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी जाहीर केलं, "इंजिनाला दमा झालाय. कंपनीनं ह्याच्या तोंडावर डबा बसवलाय. नाक दाबल्यावर माणूस पळंल का?" झालं! एअर फिल्टरचा मूळचा गोल डबा काढून फेकला आणि त्या जागी लातूरहून आणलेलं लालभडक, उघडं फिल्टर बसवलं. हवा भरपूर झाली. इतकी झाली की पेट्रोल तिला पुरेना. चढ आला की गाडी आचके द्यायची, कार्बोरेटरमधून फाटकन आवाज काढायची, आणि मोंढ्यातल्या हमालांना पोत्यांशिवाय आणखी एक काम लागायचं. मग हवेला तोडीस तोड म्हणून मोठ्या भोकाचा जेट, म्हणजे पेट्रोलची तोटी, आली आणि पेट्रोल वाढलं. आता मागून काळा धूर, आणि मागच्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडून साडूभाऊंच्या सात पिढ्यांचा उद्धार. मग रुंद सायलेन्सर, मग पुन्हा हवा. हवा वाढली की पेट्रोल कमी, पेट्रोल वाढवलं की हवा कमी. हा आट्यापाट्यांचा खेळ ते वर्षानुवर्षं खेळले. कुणी हटकलं की शांतपणे म्हणायचे, "जवळ आलोय. लई जवळ आलोय."

इंजिन ट्यून करायला दोन माणसं लागतात. एक बॉनेटखाली वाकून स्क्रू फिरवणारं, दुसरं आत बसून रेस देणारं. हे दुसरं माणूस म्हणजे आक्का, साडूभाऊंची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण. "अगं ए, रेस दे!" अशी हाक आली की बाई पिठाच्या हातानं, पदर खोचून ड्रायव्हरच्या शिटावर. तिनं गाडी हातभरसुद्धा चालवली नसेल, पण तिचा पाय असा स्थिर की इंजिनाचा आवाज इकडचा तिकडं व्हायचा नाही. मग इंजिनातला ठिणगीचा प्लग काढून बघायचा. त्याचं टोक पांढरं असलं तर पेट्रोल कमी, काळं असलं तर जास्त, आणि दुधाच्या चहासारखं तपकिरी असलं तर सगळं बरोबर. साडूभाऊंनी हे अक्षरशः घेतलं होतं. आक्कानं चहा दिला की बशीशेजारी प्लग धरून ते रंग जुळवत बसायचे. जुळला नाही की म्हणायचे, "चहा जरा जास्त उकळलाय."

"चहा बरोबर हाय," आक्का म्हणायची, "तुमचं डोस्कं उकळलंय. कंपनीचा डबा बसवा की परत!"

तिचं मागणं एकच होतं. ह्या गाडीतून एकदा माहेरी, माकणीला जायचं आणि भावाच्या दारात उतरायचं. साडूभाऊ नाही कधीच म्हणाले नाहीत. "ट्यूनिंग होऊ दे," म्हणायचे. "तुझ्या म्हायेरात गाडी ढकलत न्यायची व्हय?" दर खेपेला मोठ्या हौसेनं तिची पिशवी डिकीत ठेवायचे, गाडी चौकापर्यंत न्यायचे, आणि तिथून पिशवी हातात घेऊन तिला चालत स्टँडवर सोडून यायचे. भाचीच्या लग्नाला आक्का एसटीनं गेली. आईच्या आजारपणात एसटीनं गेली, आई गेल्यावरही एसटीनंच. गुडघे धरून पायरी चढायची आणि खिडकीतून म्हणायची, "पुढच्या खेपंला जमतंय बघा." तिला खरंच तसं वाटायचं. मला त्या माणसाचा फार राग यायचा, आणि त्याच्यावर रागावताही यायचं नाही.

गेल्या उन्हाळ्यात आक्का झोपेतच गेली. पुण्यानुमोदन झालं, पाहुणे पांगले, आणि साडूभाऊ उगाच स्वयंपाकघरात आवराआवर करायला लागले. फळीवर डब्यांच्या मागं त्यांना एक काळा, गोल, पत्र्याचा डबा दिसला. आत लसूण होता. तो फिल्टरचा मूळचा डबा! ह्यांनी फेकलेला आक्कानं उचलून, घासून ठेवला होता. लसणाला हवा लागते आणि डब्याला भोकं होती. त्या घरात हवा किती लागते ते एकट्या आक्काला कळलं होतं. तळाशी चिंधीत गुंडाळलेला जुना जेटही निघाला.

साडूभाऊ लसूण परातीत ओतून, डबा घेऊन बाहेर गेले. मी मागोमाग जाऊन न सांगता ड्रायव्हरच्या शिटावर बसलो. "हळू द्या... आता धरा," ते बॉनेटखालून म्हणाले. माझा पाय जड, तरी त्यांनी एकदाही टोकलं नाही. डबा बसला, जेट बसला, स्क्रू थोडा फिरला, आणि इंजिन एका लयीत चालू लागलं. अंगणात टाकलेल्या सतरंज्या अजून गोळा व्हायच्या होत्या, तेवढ्यात हे झालं.

पुढच्या रविवारी आम्ही माकणीला निघालो. माझी बायको पुढं बसेना. "तिथं आक्का," म्हणाली आणि माझ्याशेजारी मागं बसली. कळंबपासून माकणीपर्यंत गाडीनं एक आचका दिला नाही. आत लसणाचा वास येत होता आणि कुणी काच खाली केली नाही.

दारात थांबलो तर मेहुणा लगबगीनं बाहेर आला. "दाजी, गाडीचा आवाजच आला न्हाय की!"

साडूभाऊ सरळ गाडीच्या पुढं गेले. बॉनेट उघडून फडक्यानं गरम प्लग काढला. तोवर मेहुण्याच्या बायकोनं चहा आणला. त्यांनी सवयीनं प्लग बशीशेजारी धरला. रंगात तसूभर फरक नव्हता.

"जमलं की हो, साडूभाऊ," मी म्हणालो.

"जमलं," ते म्हणाले. मग रिकाम्या पुढच्या शिटाकडं बघून हळूच म्हणाले, "अर्ध्या तासाचं काम हुतं हो. आन् ती जलमभर एसटीनं आली."

चहा तसाच कट्ट्यावर ठेवून ते प्लग बसवायला बॉनेटखाली वाकले, ते बराच वेळ वर आले नाहीत.