दादाला वरची खोली

बावीस वर्षं आमच्या दादाने क्लबच्या फुटबॉल संघाचा मॅनेजर म्हणून मैदानाच्या कडेला घसा फोडला. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि कमिटीने त्याला फुटबॉल संचालक केलं. वरच्या मजल्यावर खोली, फिरती खुर्ची, तीन महिन्यांची मुदत. जमलं तर कायम, नाहीतर घरी. घरी म्हणजे दिवसभर वहिनीच्या स्वयंपाकघरात, त्यामुळे वहिनी देव पाण्यात घालून बसली होती.

मी तिथली कारकून, म्हणून सगळं मीच भोगलं. संचालकाने पुढच्या तीन वर्षांचा विचार करायचा असतो. दादाला रविवारच्या पलीकडचं दिसतच नसे. मीटिंगला पंचेचाळीस मिनिटं झाली की तो सगळ्यांना पाणी प्यायला उठवी. एकदा खजिनदार बोलताना रेंगाळले, तर त्यांना उठवून त्यांच्या जागी शिपायाला बसवलं. शिपाई जास्त बरं बोलला, हे मात्र खरं.

खरं घोडं पुढेच अडलं. नवा मॅनेजर दादाचाच जुना गोलकीपर. खेळाडू बदलायची वेळ आली की हा गृहस्थ मान वर करून खिडकीकडे बघे, आणि खिडकीत दादा वाहतूक पोलिसासारखा हातवारे करत उभा. मग दोघांना पगार कशाला, असं कमिटीत कुजबुजू लागले.

"दादा, तू खिडकीत जाऊच नकोस," मी वैतागून म्हटलं.

"मी हात मोकळे करतो गं."

मुदतीतला शेवटचा सामना. एक-एक बरोबरी, दहा मिनिटं उरलेली, आमचा बचावपटू लंगडायला लागलेला. मॅनेजरने मान वर केली. शेजारी बसलेल्या अध्यक्षांनीही केली. दादाचे हात उठले; मी त्याच्या मागेच उभी होते. पण त्याने ते खाली घेतले आणि सरळ टेबलाखाली जाऊन बसला, ऑपरेशनच्या गुडघ्यासकट.

"कोणाला घातलं त्याने?" टेबलाखालून आवाज आला.

"बचावपटू काढून फॉरवर्ड."

"गाढव आहे," म्हणून दादाने तोंडात रुमाल कोंबला.

आम्ही तीन-एक हरलो. दुसऱ्या दिवशी मॅनेजर कमिटीला म्हणाला, "सर खिडकीत नव्हते. पहिल्यांदाच माझं मी ठरवलं. चुकलं, पण का चुकलं ते कळलं. सरांना ठेवा."

दादा कायम झाला. मी विचारलं, "त्याला गाढव म्हणालास, मग तू कोणाला घातलं असतंस?"

"त्याच फॉरवर्डला," दादा हळूच म्हणाला. "पण त्याला सांगू नकोस. चूक त्याची त्याला राहू दे."