दरीने ठेवून घेतलेलं नाव

‘भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता’ — अशा प्रत्येक अनुभवाची सुरुवात याच वाक्याने होते, आणि इथले अनुभव वाचताना मी दर वेळी त्या वाक्याला हसत आले आहे. आता माझ्यावरच ते लिहायची पाळी आली. पण माझ्या बाबतीत ते जरा जास्तच खरं आहे हो… आमचं बौद्ध कुटुंब. सासऱ्यांनी बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावलेल्या. अंगारा, उतारा, नजर काढणं असल्या गोष्टींना आमच्या घरात थारा नव्हता. त्यातून माझी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरची. ट्रंक कॉलवर आपलाच आवाज मागाहून आपल्या कानात येतो, दोन लाइनी एकमेकींत घुसतात, बंद लाइनवर कुणी कुजबुजल्यासारखं वाटतं — हे का होतं ते मला नीट ठाऊक होतं. आवाजाला घाबरणारी बाई मी नव्हते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. माझ्या नवऱ्याचं नाव मी इथे कुठेही लिहिणार नाही. त्यांना ‘हे’च म्हणेन. जुन्या वळणाची म्हणून हसायचं तर खुशाल हसा, पण त्याचं कारण वेगळं आहे आणि ते शेवटी येईल.

ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. आमच्या लग्नाला दोनेक वर्षं झाली होती. त्या काळी पुण्यातून एका दिवसाच्या सहली निघायच्या — डोंगर, धरण आणि प्राणी, बरोबर माहिती सांगायला गाइड, चहा-जेवण त्यातच. ह्यांना असल्या गोष्टींचा भारी उत्साह. माझी नणंद शैला तेव्हा कॉलेजात होती, तीही निघाली. दिवाळी नुकतीच होऊन गेलेली, हवेत गारवा. बस भूगाव, भुकूम मागे टाकत पिरंगुटचा घाट चढली. तेव्हा त्या रस्त्याला दोन्ही बाजूंना नुसती भातखाचरं होती. पौडला चहा झाला. मुळशीचं धरण बघून आम्ही दुपारच्या सुमारास ताम्हिणीच्या बाजूला पोचलो — जिथे डोंगर एकदम संपतो आणि खाली कोकणाकडची दरी उघडते.

आमचे गाइड पाटणकर म्हणून होते. गळ्यात कर्णा, डोक्यावर हॅट, आणि बोलायला लागले की थांबायचं नाव नाही. त्यांनी सगळ्यांना कड्यापासून जरा आत एका रांगेत उभं केलं आणि म्हणाले, “हा आपला एको पॉइंट! पुरुष मंडळी, एकेक जण पुढे या आणि आपल्या सौभाग्यवतीला हाक मारा. बघू कुणाची हाक परत येते!”

झालं, सुरू झाले सगळे. ह्यांनीही हात तोंडाशी धरून “निर्मलाऽऽ” अशी हाक मारली आणि समोरच्या डोंगरातून माझं नाव स्वच्छ परत आलं. सगळे हसले. मग पाटणकर म्हणाले, “आता महिला वर्ग!”

बायका एकमेकींच्या मागे लपायला लागल्या. नवऱ्याचं नाव, आणि तेही ओरडून? कुणी पदरात तोंड लपवलं, कुणी हळूच उखाणा घेऊन सुटका करून घेतली. शैला माझ्या दंडाला चिमटे काढत होती. “वहिनी, तू तरी मार ना! नोकरी करतेस, मोर्च्याला जातेस, आणि दादाचं नाव घ्यायला लाजतेस?”

मला ते लागलं. खरंच होतं तिचं. देवधर्म सोडला, उपासतापास सोडले, पण नवऱ्याला ‘अहो’ म्हणायचं काही सुटलं नव्हतं. मी पुढे झाले आणि आयुष्यात पहिल्यांदा ह्यांच्या नावाने हाक मारली — लांब, जोरात. शेवटच्या अक्षराला लाजेने माझा आवाज चिरकला आणि मागून मलाच हसू फुटलं.

सगळे कान देऊन उभे राहिले…

काहीच आलं नाही.

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे असे काही खूश होऊन माझ्याकडे बघत होते की मला पुन्हा लाज वाटली. पाटणकर कर्ण्यातून म्हणाले, “वहिनींनी नाव घेतलं ते दरीनेच ठेवून घेतलं!” एकच हशा पिकला. लगेच शैलाने “दादाऽऽ” म्हणून हाक मारली. ती जशीच्या तशी परत आली. तीच जागा, तोच वारा. माझ्यातल्या ऑपरेटरला ते खटकलं, पण जेवणाची पानं मांडली होती, विषय तिथेच राहिला.

जेवण झाल्यावर मी हात धुवायला जरा बाजूला गेले. तिथे एक धनगर बाई शेळ्या घेऊन उभी होती. तिची एक शेळी खाली कुठेतरी अडकली होती आणि ती तिला “चांदेऽऽ” म्हणून बोलवत होती. थोड्या वेळाने शेळी वर आली. बाईने तिच्या पाठीवर थाप मारली, आणि मग दरीकडे तोंड करून मोठ्याने ओरडली, “गावली गंऽऽ! हितं हाय, माज्यापशी हाय!”

मला गंमत वाटली. “शेळी तर आली. आता कुणाला सांगताय?”

“हाक दिली की मिटवाया नगं व्हय?” ती म्हणाली. “उघडी न्हाई ठिवायची. माजी सासू करायची, म्हून मी करते. काय हुतंय न्हाई केलं तर, कुणाला ठावं.” मग माझ्याकडे जरा निरखून बघत तिने विचारलं, “मगाशी तुमीच वरडला न्हवं? कुणाला हाक दिलीसा?”

“आमच्या ह्यांना.”

“कुटं गेलं हुतं?”

“कुठे नाही. शेजारीच उभे होते.”

“शेजारी हुतं, मग हाक कशापायी?”

“अहो, गंमत म्हणून.”

ती हसली नाही. “मग सांगून टाका की, गावलं म्हून.”

मी मागे वळून बघितलं. बसमध्ये सगळे चढत होते. एवढा हशा झाल्यावर पुन्हा दरीकडे तोंड करून ‘सापडले, सापडले’ ओरडायचं? शैलाने मला वर्षभर चिडवलं असतं. ड्रायव्हरने हॉर्न दिला आणि मी पळाले.

परतीच्या वाटेवर, पौडच्या पुढे उरवड्याकडे आत जाणाऱ्या रस्त्याला तेव्हा एक खाजगी प्राणी उद्यान होतं. आता शोधू नका, तिथे कारखान्यांची कंपाउंडं आहेत. ठिपक्यांची हरणं, मोर, माकडं, आणि मधोमध अस्वलाचा खड्डा. सिमेंटचा चांगला खोल खड्डा, भोवती कमरेएवढी भिंत, आणि तळाशी एका बाजूला अस्वलाच्या झोपायच्या खोलीचं काळं दार. चार वाजून गेले असतील. पाटणकर आणि बाकीची मंडळी हरणांना चारा घालत होती. शैला आणि मी त्यांच्यातच होतो. हे एकटेच अस्वल बघायला पुढे गेले होते, आमच्याकडे पाठ करून भिंतीशी उभे होते.

माझ्या हातातला पाला खाणाऱ्या हरणाने एकदम मान वर केली. मग दुसऱ्याने. सगळा कळप एकाच दिशेला कान टवकारून बघायला लागला. इतका वेळ कोकलणारे मोर गप्प झाले. माकडंही. आणि त्या शांततेत हाक आली.

ह्यांच्या नावाची. माझ्या आवाजात.

माझ्यासारखा आवाज नाही म्हणत मी. माझाच. तशीच लांब, शेवटच्या अक्षराला तशीच चिरकलेली… आणि मागून ते माझं हसू. दुपारी दरीत मारलेली हाक जशीच्या तशी त्या खड्ड्यातून वर आली.

शैलाने माझा दंड घट्ट धरला. “वहिनी,” ती म्हणाली, “तू तर इथे आहेस…”

मी ह्यांना हाक मारायला तोंड उघडलं. ‘अहो’ एवढंच म्हणायचं होतं. आवाजच निघेना. घसा बसला तर निदान खरखर तरी येते. तसलंही काही नाही. आत काही नव्हतंच. तिकडे हे, ज्या माणसाला मी त्या दुपारपर्यंत कधी नावाने बोलावलं नव्हतं तो माणूस, भिंतीवरून खाली वाकून म्हणाला, “आलो, आलो!” आणि त्यांनी एक पाय भिंतीवर टाकला.

मी धावले. चप्पल कुठे गेली, पदर कुठे, काही शुद्ध नाही. मी पोचले तेव्हा हे भिंतीवर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसले होते आणि आतला पाय खाली टेकायला जागा चाचपत होते. मी मागून त्यांचा पट्टा दोन्ही हातांनी धरला आणि लोंबकळलेच. खाली माझी नजर गेली. अस्वल पलीकडच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून, अंग चोरून उभं होतं. आमच्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. ते त्या काळ्या दाराकडे बघत थरथरत होतं. एवढं मोठं जनावर आणि ते भेदरलेलं… मी त्या दाराकडे नाही बघितलं. माझी हिंमत झाली नाही.

पुन्हा हाक आली. या वेळी जवळून, जरा हळू, लाडात आल्यासारखी. ह्यांनी माझ्या हाताला हिसका दिला. माझी बोटं सुटायला लागली. शैला मागून येऊन ह्यांच्या कमरेला मिठी मारत होती, रडत होती. मला त्या बाईची शेळी आठवली. का आठवली ते सांगता येत नाही. मी सगळा जीव एकवटून तोंड उघडलं आणि अचानक माझा आवाज फुटला —

“सापडले! इथे आहेत! माझ्याजवळ आहेत, माझ्याजवळ!”

हे एकदम ढिले पडले आणि आम्ही तिघेही अलीकडे जमिनीवर कोसळलो. मागे मोर ओरडला. हरणांनी माना खाली घातल्या आणि ती पुन्हा पाला खायला लागली.

लोक धावत आले. पाटणकरांनी ह्यांना पाणी पाजलं. उन्हाने चक्कर आली असेल म्हणाले. कार्तिकातलं ऊन ते! हाक बाकी कुणीच ऐकली नव्हती, मोर गप्प झाल्याचंही कुणाच्या लक्षात नव्हतं. फक्त आम्ही तिघांनी ऐकली. बसमध्ये मी ह्यांच्या शेजारी त्यांचा हात धरून बसले होते. हे अगदी हळू म्हणाले, “तू खाली उभी होतीस. हात पुढे करून. नावाने बोलावलंस गं… किती बरं वाटलं.”

पुढे मी सगळे मार्ग धुंडाळले. एक्स्चेंजमधल्या इंजिनिअर साहेबांना विचारलं, आवाज किती वेळ आणि किती लांब टिकू शकतो म्हणून. त्यांनी मला रजा घ्यायचा सल्ला दिला. कुणी नक्कल केली म्हणावं, तर माझं ते हसूसुद्धा? आणि त्या खड्ड्यात उतरून? तिघांना एकाच वेळी भास झाला म्हणावं, तर अस्वलाला कसला भास झाला? शैला आज आजी झाली आहे. हा विषय निघाला की ती उठून आत जाते.

हे आत्ता लिहायचं कारण असं की, मुलाने भुकूमला फ्लॅट घेतला आणि आम्ही दोघं आता तिथेच असतो. सातवा मजला. गॅलरीतून पश्चिमेचे डोंगर दिसतात. ह्यांना ऐकू येत नाही आताशा. कानातलं यंत्र काढलं तर कुकरची शिट्टीही ऐकू येत नाही. मागच्या आठवड्यात दिवस मावळताना मी आत भाजी निवडत होते. यंत्र माझ्यासमोर टेबलावर पडलेलं होतं. आणि गॅलरीतून ह्यांचा आवाज आला, “आलो, आलो!”

मी गेले तेव्हा हे कठड्याला धरून डोंगराकडे वाकले होते. चेहऱ्यावर तेच, त्या दिवशीचं हसू. मी त्यांचा सदरा धरला आणि शेजारपाजारचा विचार न करता ओरडले, “सापडले! इथे आहेत, माझ्याजवळ आहेत!” समोरच्या बिल्डिंगमधली माणसं बघायला लागली. बघू देत. गॅलरीच्या दाराला आता कुलूप आहे आणि किल्ली माझ्या कनवटीला.

त्या रात्री हे मला म्हणाले, “लांबून बोलावतेस, मग समोर बसून का नाही बोलावत? एकदा तरी हाक मार ना नावाने.”

आता ते कारण सांगते. नाव लिहिलं तर तुमच्यापैकी कुणीतरी ते मोठ्याने वाचेल, ही भीती तर आहेच. पण दुसरंही आहे. त्या सहलीनंतर मी ते नाव घ्यायचा पुष्कळदा प्रयत्न केला आहे. एकटी असताना, आरशासमोर, ह्यांच्या उशाशी. बाकी सगळं बोलता येतं मला, अजून खणखणीत. फक्त त्या नावाला तोंड उघडलं की आवाज येत नाही. त्या रात्रीही मी ह्यांच्यासमोर बसून नुसते ओठ हलवले. यंत्र काढून ठेवलेलं, ह्यांना कुठे ऐकू येतंय… त्यांना वाटलं, मी हाक मारली. ते हसले आणि म्हणाले, “ओ.”