बॉल आत गेला होता

आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचा विषय निघाला आणि कोणी ‘नशीब’ म्हणालं, की माझं डोकं फिरतं. मी बोलत नाही. ताटातलं खात राहते. पण आतून नुसती फणफणत असते. नशिबाने त्या टीमचं काही वाकडं केलं नव्हतं. जे केलं ते आपल्याच माणसांनी केलं, चांगल्या मनाने आणि मान खाली घालून.

कॉलेज म्हणजे दुबईतल्या एका इमारतीचे दोन मजले. खाली कार्पेटचं दुकान आणि वर आम्ही. दुबईतल्याच ऊद मेथा भागातल्या शाळेतून बारावी करून मी तिथे पहिल्या वर्षाला गेले, तेव्हा माझा मोठा भाऊ शेवटच्या वर्षाला होता आणि फुटबॉल टीमचा कॅप्टन होता. कॉलेजला स्वतःचं मैदान नव्हतं. शहराबाहेर वाळूचा एक सपाट तुकडा होता. मॅचच्या आधी टँकर येऊन त्यावर पाणी मारायचा, मग तिथेच उभा राहायचा, आणि हाफ-टाइमपर्यंत ते सुकून पुन्हा धूळ उडायला लागायची.

पण टीम! केरळचे दोन भाऊ दोन्ही विंगला होते. एकाने बॉल सोडला की दुसरा तो न बघता घ्यायचा. मागे एक सुदानी मुलगा होता, इतका उंच की कॉर्नरला तो नुसता उभा राहिला तरी पुरायचं. गोलकीपर मूळचा रत्नागिरीचा. त्याच्या वडिलांचं दुबईच्या देरा भागात दुकान होतं आणि तो आमच्याशी मराठी बोलायचा म्हणून आईला त्याचं फार कौतुक. आणि पुढे दादा. डाव्या पायाने मारायचा. घरात साधा बल्ब बदलायचा कंटाळा करणारा माझा भाऊ मैदानावर निराळाच कोणी दिसायचा. त्या वर्षी कॉलेजांच्या लीगमध्ये आमच्याइतकी चांगली टीम दुसरी नव्हती. हे मी बहीण म्हणून म्हणत नाही. समोरच्या टीमची मुलं आमची प्रॅक्टिस बघायला यायची.

आम्ही बघणारे पंधरा-वीस जण असू. बाकीचे कडेला उभे राहून ओरडायचे. मला ओरडता यायचं नाही, गर्दीत उभं राहणंही जमायचं नाही. मी गोलच्या मागे, थोडी बाजूला, टँकरच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे. तिथे कोणी बोलायला यायचं नाही.

त्या सीझनला दादाचं एक वर्ष पणाला लागलेलं होतं. हे आमच्या घरातल्या चौघांना आणि टीममधल्या सगळ्यांना माहीत होतं. त्याला कॉलेज संपल्यावर गोव्याला जायचं होतं, तिथल्या क्लबांच्या ट्रायल्स द्यायला. बाबांनी आधी उडवून लावलं. मग आईने मध्यस्थी केली आणि एका शुक्रवारी जेवताना बाबा म्हणाले, “ठीक आहे. लीग जिंकून दाखव. एक वर्ष तुझं. गोव्याला जा, खेळ, मी खर्च करतो. नाही जिंकलास तर पुढच्या महिन्यापासून माझ्या ऑफिसात.”

“प्रॉमिस?” दादाने विचारलं.

“मी कधी शब्द मोडलाय?”

नव्हताच मोडला. म्हणून तर दादाने त्या वर्षी सकाळी साडेपाचला उठून पळायला सुरुवात केली.

पहिल्या मॅचला समोरची टीम पाऊण तास उशिरा आली. नियमाप्रमाणे आम्हाला मॅच मिळायला हवी होती. रेफरीने आमच्या सरांकडे बघितलं. सर म्हणजे कॉलेजचे स्पोर्ट्सचे सर, मूळ नागपूरचे, क्रिकेटवाले, फुटबॉल इथे येऊन शिकलेले. सर हसून म्हणाले, “नो प्रॉब्लेम, नो प्रॉब्लेम, वी विल वेट.” आमची मुलं वॉर्म-अप करून उन्हात थांबून थांबून गार पडली होती. मॅच बरोबरीत सुटली. पुढे सुदानी मुलाला रेड कार्ड मिळालं, ते दुसऱ्याच कोणीतरी केलेल्या फाउलबद्दल. फाउल केलेला केरळचा धाकटा भाऊ स्वतः हात वर करून “मी, मी” म्हणत होता. सरांनी त्याचाच हात खाली ओढला. “चूप. नो कंप्लेंट्स. आपली इमेज क्लीन पाहिजे.” दोन मॅच तो उंच मुलगा माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून गवताची काडी नसलेल्या त्या मैदानात बुटाने वाळू उकरत होता आणि दोन्ही मॅचमध्ये आम्ही कॉर्नरवर गोल खाल्ले.

मला तेव्हाच राग यायला लागला होता. पण नवल वाटत नव्हतं, कारण सरांची भाषा मला घरून पाठ होती. आपण इथे पाहुणे आहोत. हे वाक्य मी लहानपणी शुभंकरोतीपेक्षा जास्त वेळा ऐकलं असेल. लिफ्टमध्ये मोठ्याने बोलू नका. टॅक्सीवाल्याशी वाद घालू नका. शेजाऱ्याने आपल्या जागेवर गाडी लावली तर आपण दुसरीकडे लावू. मुलांचा व्हिसा वडिलांच्या व्हिसावर, वडिलांचा कंपनीच्या हातात, आणि कंपनी कोणाच्या मर्जीवर, ते कोणालाच नीट माहीत नसायचं. म्हणून मग सगळ्यांनाच घाबरायचं. लोक मला लाजाळू म्हणतात, स्वभावच तसा आहे म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही.

तरीही इतकं सगळं गिळून आम्ही शेवटच्या मॅचपर्यंत आलो होतो. ती जिंकली तर लीग आमची. बरोबरी झाली तर नाही.

त्या गुरुवारी बाबा पहिल्यांदाच मॅच बघायला आले. देऱ्यातल्या ऑफिसातून लवकर निघून, टाय न काढता. ते सरांच्या शेजारी कडेला उभे राहिले, गोलपासून फार लांब नाही. मी माझ्या जागी.

शेवटची दहा-बारा मिनिटं राहिली होती. एक-एक. थोरल्या केरळी भावाने बॉल आत टाकला, दादाने तो अंगावर घेतला, वळला आणि डाव्या पायाने मारला. मी सरळ बघत होते. बॉल खांबाच्या आतून गेला, जाळीच्या बाजूला लागला आणि तिथल्या भोकातून बाहेर येऊन गडगडत माझ्या पायाशी थांबला. ती जाळी सगळीकडे नायलॉनच्या दोऱ्यांनी बांधलेली होती. तेवढी एक गाठ सुटली होती.

दादाने दोन्ही हात वर केले. रेफरी धुळीत मागे राहिला होता. त्याने बॉल गोलच्या बाहेर, माझ्यापाशी पाहिला आणि गोल-किकची खूण केली.

त्यांचा कीपर बॉल घ्यायला आला. त्याने त्या भोकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी बॉल उचलून दिला तेव्हा आभारादाखल “शुक्रन” म्हणाला आणि जाता जाता जाळी हाताने ओढून सारखी केली.

मॅच एक-एक संपली.

लीगचा एक नियम होता. तक्रार असेल तर मैदान सोडण्याआधी कॅप्टनने लिहून द्यायची, मग कमिटी बघणार, वाटलं तर मॅच पुन्हा खेळवणार. आमचा कीपर धावत आला. “कॅप्टन, लिही. जाळी दाखवू त्यांना, भोक आहे अजून. चल!”

सर म्हणाले, “थांब, थांब. पहिलं तुझ्या फादरना विचार.”

बावीस वर्षांच्या मुलाला म्हणाले हे. आणि दादाने विचारलं. तोही आमच्याच घरात वाढला होता.

“कसली कंप्लेंट?” बाबांनी विचारलं. “कोणाविरुद्ध? त्या कॉलेजच्या मागे कोण आहे माहीत आहे तुला?”

“कोण आहे?”

“ते मला नाही माहीत. पण कोणीतरी असणारच.”

“बाबा, इट वॉज अ गोल.”

तेव्हा मी मध्ये बोलले. इतक्या लोकांसमोर, माझ्या हिशेबाने ओरडूनच. “गोल होता, बाबा. आतून आला. माझ्या पायाशी आला.”

बाबा माझ्याकडे वळले. रागावले नाहीत. समजुतीच्या स्वरात म्हणाले, “तू धुळीत बसली होतीस. तुला काय दिसणार? उगाच मध्ये पडू नकोस.” आणि दादाच्या खांद्यावर हात ठेवला. “मी इथे कडेला उभा होतो. बाहेर होता रे. थोडक्यात बाहेर. चल घरी.”

दादाने माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. मग बूट सोडायला खाली बसला. कीपरने ग्लव्हज वाळूत आपटले आणि निघून गेला.

पुढच्या महिन्यात दादा ऑफिसात लागला. स्पेअर पार्ट्सच्या ऑर्डरी, दिवसभर फोन, हबीबी, इन्शाल्ला, टुमॉरो. तो त्यात चांगलाच रुळला, हेही खरं. पण त्या मॅचची गोष्ट तो कायम एकाच पद्धतीने सांगायचा, हसत, स्वतःवर विनोद करत. “मीच बाहेर मारला यार. चान्स सोन्यासारखा होता. डाव्याने मारायलाच नको होता.” ऐकणारे हसायचे. मी त्याला दोन-तीनदा सांगून पाहिलं. “चिल,” तो म्हणायचा. “बाबा कडेला होते. त्यांना दिसलं.”

काही वर्षं गेली. कीपरला अबू धाबीत नोकरी लागली, त्याचं लग्न झालं, खलिफा सिटीत त्याने एका व्हिलाचा मागचा भाग भाड्याने घेतला आणि एका शुक्रवारी नमाजनंतर आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं. केरळचा थोरला भाऊही आला होता. वडे, मटण, वर कीपरच्या बायकोचा आग्रह. टीमचा विषय निघणारच होता. आधी बरं चाललं होतं. सरांच्या इंग्रजीच्या नकला झाल्या. मग बाबा खुर्चीत मागे रेलून म्हणाले, “गुणी पोरं होतात तुम्ही सगळी. पण नशीब नाही. आणि खरं सांगू? किलर इन्स्टिंक्ट नव्हता तुमच्यात. भांडून घ्यायची वृत्तीच नाही.”

माझ्या हातातला घास हातातच राहिला.

कीपर हसला, पण ते हसणं काही बरं नव्हतं. “काका, पुढच्या वर्षी काय झालं माहीत आहे का? अशीच एका मॅचची भानगड झाली. दुसऱ्याच एका कॉलेजच्या कॅप्टनने तक्रार लिहून दिली. आपल्यासारखंच कॉलेज, आपलीच पोरं. मॅच रीप्ले झाली.”

“आणि मग?” बाबांनी विचारलं.

“मग काय? कमिटीने समोसे मागवले. सगळ्यांनी खाल्ले आणि परत खेळले. खलास.”

“कोणाला काही त्रास?”

“कसला त्रास, काका?”

दादा म्हणाला, “अरे पण आपल्या केसमध्ये बॉल बाहेरच होता ना. मीच—”

“आत होता,” मी म्हणाले.

“झालं सुरू हिचं.”

“आत होता. मी सांगितलं तेव्हा मला धुळीत काय दिसणार म्हणालात. मला सगळं दिसलं होतं. त्यांच्या कीपरलाही दिसलं होतं. बाबा, तुम्ही कडेला होतात. तुम्हाला काय दिसलं?”

आईने टेबलाखालून माझा हात दाबला. मी तो सोडवून घेतला. माझा आवाज कापत होता आणि त्याचाही मला राग येत होता. “एवढंच सांगा. नशीब वगैरे नको. काय दिसलं?”

बाबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता ठेवला. “आता इतक्या वर्षांनी...”

“आत होता की बाहेर?”

“आत होता,” बाबा म्हणाले. “जाळी हलली. दिसलं मला. मग काय करायचं होतं? परक्या मुलखात कोर्ट-कचेऱ्या? तुमच्यासाठीच केलं सगळं. काय फरक पडला असता?”

दादा बाबांकडे बघत राहिला. हसला नाही. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. तो जणू काही मोजत होता, इतक्या वर्षांत किती जणांना हसत हसत सांगितलं की मीच बाहेर मारला.

“एक वर्ष,” तो म्हणाला. “एक वर्षाचा फरक पडला असता, बाबा.”

तो उठून हात धुवायला गेला. बराच वेळ नळ चालू होता. कीपरच्या बायकोने खीर आणून ठेवली आणि कोणीच घेतली नाही.

दुबईला परतताना गाडी दादा चालवत होता. बाबा पुढे बसले होते. मागे आई माझ्या कानाशी लागून दोनदा म्हणाली, “घरी गेल्यावर सॉरी म्हण त्यांना. वय झालंय. वाईट हेतू नव्हता.”

हेतू वाईट नव्हता, हे मला माहीत आहे. माझा राग त्यावरच आहे. वाईट हेतू असता तर दादाने निदान तक्रार तरी लिहिली असती.

मी सॉरी म्हणाले नाही. अजून म्हटलेलं नाही. बाबा माझ्याशी बोलतात, चहा मागतात, एसी कमी कर म्हणतात. दादाने मात्र त्यांचं ऑफिस सोडलं आणि शारजात दुसरी नोकरी धरली. फुटबॉलशी तिचा काही संबंध नाही. ट्रायल्सचं त्याचं वय केव्हाच गेलं. टीमची गोष्ट निघाली की तो आता सांगतो, “मी मारला होता. आत गेला होता.” लोक म्हणतात, मग तक्रार का नाही केली? तो बाबांचं नाव घेत नाही. विषय बदलतो. आणि समोर बसलेली मी त्याच्या वतीने पुन्हा फणफणायला लागते.